बोर्श्च, आंबटाच्या हिशेबाने: प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४ – आखणी

युक्रेनी लाल बोर्श्च, म्हणजे बीटाचं आंबट सूप, करायचा, मोठ्या पातेल्यात, आठ जणांना पुरेल एवढा. एकदा मटणाचा, एकदा कोंबडीचा आणि एकदा नाताळच्या आदल्या संध्याकाळी युक्रेनमध्ये करतात तो, मांस-दूध काहीच नसलेला.

बहुतेक पाककृतींत शेवटी व्हिनेगरचा चमचा पडतो आणि विषय संपतो. जुन्या युक्रेनी पद्धतीत आंबटपणा येतो क्वासमधून, म्हणजे मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या बीटाच्या पाण्यातून. रंग टिकणं, बटाटा शिजणं, बीटाचा मातकट वास जाणं, सगळं त्या आंबटावर फिरतं: किती घातलं आणि कधी घातलं. म्हणून प्रत्येक खेपेला आंबट पडण्याची वेळ आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त) टिपायचा.

पीएचच्या कागदी पट्ट्या इथे उपयोगाच्या नाहीत. बीटाचा रस पट्टीच रंगवून टाकतो आणि कुठल्याच खुणेशी रंग जुळत नाही. छोटं डिजिटल मीटर घेतलं, ४ आणि ७ च्या द्रावणांत जुळवून.

पातेलं स्टीलचं. ॲल्युमिनियम नको, कल्हई नसलेलं पितळ तर नकोच. आंबट चार तास आत राहणार आहे.

बीट घेताना लहान आणि जड बघायचं, एकेक १२० ते १५० ग्रॅमचं. मोठं बीट आतून तंतुमय असतं आणि कापल्यावर पांढरट कडी दिसतात. तेवढा रंग कमी. पाल्याच्या बाजूचा टोकाचा भाग जाड कापून टाकायचा, मातकट वास सगळ्यात जास्त सालीत आणि तिथेच असतो.

१९ नोव्हेंबर – क्वास लावला

बीट १ किलो (सोलून), पाणी दीड लिटर (उकळून गार केलेलं), मीठ ५० ग्रॅम, म्हणजे बीट आणि पाणी मिळून जे वजन होतं त्याच्या २ टक्के. लसणाच्या ४ पाकळ्या, १० मिरे, १ तमालपत्र. तीन लिटरची काचेची बरणी.

फोडी अडीच-तीन सेंटिमीटरच्या. किसायचं नाही. किसलेल्या बीटातली साखर एकदम पाण्यात उतरते, यीस्ट माजतं आणि आंबटाच्या जागी दारूसारखा वास येतो. फोडींतून साखर हळूहळू झिरपते, तोवर आंबवणारे जिवाणू पुढे गेलेले असतात.

वर काचेची छोटी वाटी पालथी घालून फोडी पाण्याखाली दाबल्या. झाकण सैल, खाली ताट; तिसऱ्या दिवशी बरणी उतू जाते आणि ओट्यावरचा डाग सहज निघत नाही. युक्रेनी खेड्यांत क्वासमध्ये राय (rye) या धान्याच्या पावाची कडही टाकतात. त्याने सुरुवात लवकर होते, पण यीस्टही वाढतं. इथल्या तापमानात त्याची गरज नाही.

स्वयंपाकघर २४ ते २६ अंश.

२१ नोव्हेंबर

बुडबुडे सुरू. वर गुलाबी फेस, तो चमच्याने काढला. पीएच ४.९.

पाणी चमच्यातून तेलासारखं, किंचित तार धरून पडतंय. बीटात साखर भरपूर असल्याने सुरुवातीचे काही जिवाणू तिच्यापासून डेक्स्ट्रान नावाचं चिकट द्रव्य बनवतात. वास स्वच्छ आंबट असेल तर फेकायचं काही कारण नाही. आंबटपणा वाढला की दुसरे जिवाणू ताबा घेतात आणि बहुधा दोन-चार दिवसांत तार जाते.

२४ नोव्हेंबर

पीएच ३.७. तार गेली. चव: खारट, आंबट, मागे बीटाचा गोडवा जेमतेम. गाळून बाटलीत, फ्रीजमध्ये. तिथे महिनाभर सहज राहतो. सव्वा लिटरच्या आसपास मिळाला.

वर पातळ पांढरा, सुरकुतलेला थर आला तर ते यीस्ट. काढून टाकायचं, खालचं वापरायचं. हिरवी, काळी किंवा लोकर असलेली बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाकायची, वरवर काढून भागत नाही. आठवड्यानंतरही पीएच ४.६ च्या खाली आला नाही तर तोही टाकून द्यायचा.

उरलेल्या फोडी अजून चांगल्या आहेत. अर्ध्या बोर्श्चमध्ये जातील, अर्ध्या नुसत्या तेल-कांदा घालून कोशिंबिरीला.

२५ नोव्हेंबर – स्मेताना

बोर्श्चवर घालतात ती स्मेताना म्हणजे विरजलेली साय, २० ते २५ टक्के स्निग्धांशाची. लोण्यासाठी साय विरजणाऱ्या घरात ती जवळजवळ तयारच असते, फक्त साय एका-दोन दिवसांची हवी. आठवडाभर साठवलेली साय कडवट होते आणि बीटाच्या गोडव्याजवळ तो कडवटपणा उठून दिसतो.

साय नसेल तर २५ टक्क्यांचं पाकिटातलं क्रीम २०० मिली, कोमट (३० अंश), त्यात १ मोठा चमचा ताजं दही. १० तास बाहेर, मग ६ तास फ्रीजमध्ये. फ्रीजमधले तास टाळू नयेत, घट्टपणा तिथेच येतो. नुसतं दही गरम बोर्श्चमध्ये फाटतं. स्निग्धांश कमी आणि प्रथिनं जास्त असल्याने त्याच्या गुठळ्या होतात.

२६ नोव्हेंबर – रस्सा आणि घेवडा

युक्रेनमध्ये गोमांसाची नळी आणि डुकराच्या बरगड्या नेहमीच्या. कीवच्या पद्धतीत गोमांसाबरोबर मेंढीचं मांसही घालतात, त्यामुळे मटण वापरणं परंपरेला सोडून नाही. पुण्यात मेंढीचं हवं असेल तर ‘बोल्हाईचं मटण’ अशी पाटी असलेलं दुकान गाठायचं. बाकी ठिकाणी बहुतेक बोकडच मिळतो.

नळ्या आणि पुढच्या पायाचं मांस मिळून १ किलो, पाणी साडेतीन लिटर, गार पाण्यातच घातलं. उकळी येईपर्यंत आच मध्यम, फेस दोन-तीनदा काढला. मग एक अख्खा कांदा, एक गाजर, २ तमालपत्रं, ६ मिरे. पाण्याच्या कडेला बारीक बुडबुडे येत राहतील एवढीच आच, सव्वादोन तास. मीठ अर्धंच. क्वासच्या ४०० मिलीमध्ये ८ ग्रॅम मीठ आधीच आहे, हे विसरलं की शेवटी पाणी ओतत बसावं लागतं.

कुकरमध्येही होतो: पहिली शिटी झाल्यावर बारीक आचेवर ४० मिनिटं. मात्र वाफ आपोआप जिरू द्यायची. शिटी उचलून दाब काढला तर आतला रस्सा खळखळून उकळतो, चरबी त्यात फेटली जाते आणि रस्सा गढूळ होतो. बीट पडल्यावर तो गढूळपणा तपकिरी दिसतो.

रस्सा गाळला, मांस हाडावरून सोडवलं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. वर गोठलेल्या चरबीपैकी दोन चमचे परतायला ठेवली, बाकी काढली. मेंढीची चरबी जास्त राहिली तर गार होताना टाळूला चिकटते.

घेवडा: कोरेगावचा वाघ्या, १२० ग्रॅम, आजपासून भिजत. युक्रेनमध्ये पांढरा किंवा रंगीत घेवडा चालतो, जात तीच. भिजवलेलं पाणी फेकायचं, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळ उकळायचा आणि मग मंद शिजवायचा. अर्धवट शिजलेला घेवडा पोट बिघडवतो. वाघ्याचं शिजवलेलं पाणी तपकिरी निघतं, ते बोर्श्चमध्ये घालू नये.

२७ नोव्हेंबर – लाल बोर्श्च, मटणाचा

मापं: रस्सा ३ लिटर, बीट ५०० ग्रॅम, बटाटे ४००, कोबी ३००, कांदे २००, गाजर १५०, टोमॅटो पेस्ट २ मोठे चमचे, शिजवलेला घेवडा, सोडवलेलं मांस, क्वास ४०० मिली, चरबी किंवा सूर्यफुलाचं तेल ३ मोठे चमचे, साखर १ चमचा, लसूण ६ पाकळ्या, शेपू.

तीन भांडी एकाच वेळी चालतात. त्यांचा मेळ बसला की बाकी काम सोपं आहे.

बीट पहिलं, कारण त्याला वेळ सगळ्यात जास्त. सुरीने ४ मिलिमीटरच्या काड्या. किसणीवर किसलेलं बीट अर्ध्या तासात लगदा होतं. काडी शेवटपर्यंत दातांना लागते. कढईत दीड चमचा चरबी, बीट ५ मिनिटं परतलं, मग साखर आणि क्वास १५० मिली, रस्सा अर्धी वाटी. झाकण, मंद आच, २५ मिनिटं. आंबट इथे सुरुवातीलाच पडतं आणि ते मुद्दाम. बीटाचा लाल रंग (बेटानिन) ४ ते ५ पीएचला सगळ्यात जास्त टिकतो. नुसत्या पाण्यात तेवढाच वेळ उकळलं तर विटकरी होतो आणि अल्कधर्मी पाण्यात पिवळट. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांना हा फरक लगेच दिसेल. त्यांनी बीटासाठी तरी पिण्याचं गाळलेलं पाणी घ्यावं. मातकट वास ज्या द्रव्याचा, ते जिओस्मिनही आंबटात मोडतं. कढईचं झाकण काढल्यावर मातीचा वास येत नसेल तर आंबट पुरेसं आहे.

दुसऱ्या कढईत झाझार्का. कांदा बारीक चिरून उरलेल्या चरबीत ७ मिनिटं, सोनेरी होईपर्यंत, तांबूस नाही. गाजराच्या काड्या, ५ मिनिटं. टोमॅटो पेस्ट, तेल सुटेपर्यंत ३ मिनिटं. कच्ची पेस्ट थेट रस्स्यात घातली तर डब्याची चव शेवटपर्यंत जात नाही.

पातेल्यात रस्सा उकळतोय. बटाटे, दोन सेंटिमीटरच्या फोडी, १२ मिनिटं. सुरी आरपार जाते ना बघितलं आणि मगच पुढे. चिंच आधी पडलेल्या वरणातली डाळ जशी शिजता शिजत नाही, तसाच आंबट रस्स्यातला बटाटा तासभर दडस राहतो. आंबटात भाजीतलं पेक्टिन सुटत नाही. बोर्श्च बिघडण्याचं हे पहिल्या नंबरचं कारण, आणि एकदा बटाटा अडला की उपाय नाही.

मग कोबी, ४ मिलिमीटरचा चिरलेला, ८ मिनिटं. कोवळ्या कोबीला ४ पुरतात. घेवडा, मांस, झाझार्का. एक उकळी. शेवटी बीट त्याच्या रसासकट. आता उकळायचं नाही. कडेला हालचाल दिसेल एवढ्या आचेवर ५ मिनिटं. उरलेला क्वास २५० मिली, दोन मिनिटं, गॅस बंद. पीएच ४.९.

लगेच झातोव्का: खारवलेली डुकराची चरबी (सालो) ३० ग्रॅम, लसूण, अर्धा चमचा मीठ आणि शेपूची देठं खलबत्त्यात कुटून गोळा केला आणि गॅस बंद केलेल्या पातेल्यात सोडला. युक्रेनमध्ये यासाठी माकित्रा नावाचं, आतून रेघा असलेलं मातीचं भांडं आणि लाकडी बत्ता वापरतात. सालो गोव्यात किंवा मुंबईतही सहज मिळत नाही. डुकराची ताजी पाठीकडची चरबी आणून भरपूर जाड मिठात आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवली की काम भागतं. बेकन नको, त्याचा धूर सगळ्यावर चढतो. डुकराचं खात नसाल तर लसूण-मीठ-सूर्यफूल तेल, आणि तेही गॅस बंद झाल्यावरच. लसूण उकळला की त्याचा झटका जातो आणि नुसता गोडसर वास मागे राहतो.

झाकण घालून ४० मिनिटं तसंच.

शेपू इथला. भाजीसाठी मिळणारा शेपू युरोपातल्यापेक्षा उग्र असतो, त्यामुळे पाककृतीत जुडी लिहिली असेल तर अर्धी घ्यायची, आणि पानं ताटात, पातेल्यात नाही.

२८ नोव्हेंबर

आज कालच्यापेक्षा गडद. बेटानिन तापल्यावर मोडतं, पण त्यातलं काही थंड आणि आंबट अवस्थेत पुन्हा जुळतं. म्हणून मुरलेल्या बोर्श्चचा रंग सुधारतो. चवही एकजीव झाली. गरम करताना लागेल तेवढंच छोट्या पातेल्यात घ्यावं. अख्खं पातेलं रोज उकळलं तर तिसऱ्या दिवशी रंग गेलेला असतो.

पाच लिटर सूप नुसतं ओट्यावर ठेवून गार होत नाही. गार पाण्याच्या परातीत पातेलं ठेवून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस. गोठवायचं असेल तर बटाट्याशिवाय. गोठून वितळलेला बटाटा रवाळ होतो.

रंग खरोखर गेला असेल तर अर्धं कच्चं बीट किसून, पिळून, तो रस चमचाभर क्वासबरोबर वाढण्याआधी घालावा. रंग येतो, चव येत नाही.

२ डिसेंबर – पाम्पुश्की

बोर्श्चबरोबरचे लसणाचे छोटे पाव. मैदा ४०० ग्रॅम, कोमट पाणी १३० आणि दूध १२० मिली, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर १५, मीठ ७, तेल ३० मिली. १० मिनिटं मळून तासभर फुगवलं. बारा गोळे, साधारण ५८ ग्रॅमचे, तेल लावलेल्या डब्यात एकमेकांना जेमतेम टेकतील असे. ३५ मिनिटं पुन्हा फुगवून वर दूध, १९० अंशांना २२ मिनिटं.

लसणाचं पाणी: ५ पाकळ्या अर्धा चमचा मिठाबरोबर कुटून, ३ चमचे तेल, २ चमचे पाणी, शेपू. पाव ओव्हनमधून निघताच वर ओतायचं. गार पावावर ओतलं तर वरच तरंगतं आणि खालचा भाग ओला होतो. लसूण फोडणीत तळायचा नाही, कच्चाच.

८ डिसेंबर – पोल्तावाची पद्धत, कोंबडी आणि हालुश्की

१ जुलै २०२२ रोजी युनेस्कोने युक्रेनी बोर्श्च शिजवण्याची संस्कृती तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतली. यादीत गेली ती संस्कृती, एखादी पाककृती नाही, आणि ते बरोबरच आहे. चेर्निहिवकडे बोर्श्चमध्ये आंबट सफरचंद पडतं, काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर टोमॅटोतली छोटी बिच्की मासळी, पोल्तावा भागात धुरावर सुकवलेली नाशपाती. पोल्तावाच्या बोर्श्चचा पाया हंस, बदक किंवा कोंबडी असतो आणि घट्टपणा हालुश्कीमुळे, म्हणजे रस्स्यात शिजवलेल्या पिठाच्या छोट्या गोळ्यांमुळे येतो.

गावठी कोंबडी सव्वा किलो, दीड तास. ब्रॉयलर ४० मिनिटांत विरघळतो आणि रस्स्याला अंग येत नाही. बाकी क्रम २७ तारखेचाच, घेवडा वगळून, बटाटे २०० ग्रॅम.

हालुश्की: ५० ग्रॅम मैदा ८० मिली उकळत्या पाण्यात घोटला. गार झाल्यावर १ अंडं, मग १०० ग्रॅम मैदा, चिमूट मीठ. चमच्यावरून सावकाश पडेल असं घट्ट पीठ. अर्धं पीठ कुट्टूचं घेतलं तर चव जास्त खरी, पण गोळा ठिसूळ. ओल्या चमच्याने छोटे गोळे उकळत्या रस्स्यात, बीट आणि क्वास पडण्याआधी. वर आल्यावर अजून ३ मिनिटं. बीट पडल्यावर सोडले तर रस्सा पुन्हा उकळावा लागतो, आणि मग रंग जातो.

पीएच ५.१. क्वास ३५० मिलीच घातला होता. कोंबडीच्या रस्स्याला तेवढा पुरला.

१४ डिसेंबर – आंबटांची तुलना

एकाच रस्स्याचे वेगवेगळे वाटे, बीट सारखंच, सगळ्यांत मीठ सारखं, आंबट वेगळं. पीएच ५ पर्यंत आणला.

व्हिनेगर: रंग उत्तम, वास नाकात. युक्रेनी पाककृतीतलं व्हिनेगर ९ टक्क्यांचं असतं, इथल्या बाटलीवर बहुधा ४ किंवा ५ असतं. तिथला १ चमचा म्हणजे इथले २. बीट परततानाच घातलं तर वास बराच उडतो. शेवटी घातलं तर राहतो.

लिंबू: रंग चांगला, पण चव बोर्श्चची राहत नाही, सरबताकडे झुकते. अगदीच निकड असेल तर चालवावं.

नुसता टोमॅटो: पीएच ५ पर्यंत आणायला टोमॅटो इतका घालावा लागला की रंग नारिंगी झाला. आजकालच्या बहुतेक घरांत टोमॅटो आणि थोडं व्हिनेगर असंच चालतं आणि त्यात वावगं काही नाही. पण टोमॅटो आणि बटाटा दोन्ही अमेरिकेतून उशिरा आलेले. बोर्श्च त्याआधीचा आहे आणि तेव्हा सगळा भार क्वासवर होता.

चिंच, कोकम: करून पाहिले नाहीत. कोकमाचा रंग बीटाच्या रंगात मिसळेल आणि काय कशामुळे झालं ते कळणार नाही.

क्वास: आंबट गोलसर, नाकाला झोंबत नाही, मागून खारट. फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो गार झालेल्या बोर्श्चमध्ये. ज्याला वेळ नाही त्याने कोबीच्या लोणच्याचं (आंबवलेल्या, व्हिनेगर नसलेल्या) पाणी वापरावं. तेही लॅक्टिक आंबटच.

१६ डिसेंबर

क्वासची दुसरी बरणी. जुना क्वास १०० मिली विरजण म्हणून घातला. स्वयंपाकघर २१ अंश, तरी पाचव्या-सहाव्या दिवशी तयार व्हावा.

२३ डिसेंबर – स्व्याती वेचिरचा बोर्श्च आणि वुश्का

नाताळच्या आदल्या संध्याकाळी युक्रेनी घरांत बारा पदार्थ मांडतात, मांस आणि दूध वर्ज्य. ही संध्याकाळ आधी बहुतेकांची ६ जानेवारीला येई. २०२३ मध्ये तिथल्या मोठ्या चर्चनी कॅलेंडर बदलल्यापासून २४ डिसेंबरला. पश्चिमेकडे, हालिचिना भागात, त्या दिवशीचा बोर्श्च गाळलेला, पारदर्शक, आत फक्त वुश्का, म्हणजे अळंबीचं सारण भरून दुमडलेले पिठाचे छोटे तुकडे.

सुकी पोर्चिनी अळंबी ४० ग्रॅम, दीड लिटर गार पाण्यात रात्रभर. अळंबी उचलून घेतली, पाणी मलमलीतून गाळलं. तळाशी वाळू असते, तो शेवटचा घोट टाकून द्यायचा. त्याच पाण्यात अळंबी ४० मिनिटं. वाळवलेली धिंगरी वापरता येते, पण तिला दुप्पट घेऊनही तो वास येत नाही. एवढा एक खर्च करावा.

दुसऱ्या पातेल्यात बीट ७०० ग्रॅम, इथे मात्र किसलेलं, कारण ते गाळूनच टाकायचं आहे. पाणी दीड लिटर, गाजर, आचेवर काळा केलेला अर्धा कांदा, सेलरीचा दांडा, तमालपत्र, क्वास १०० मिली. झाकून ४० मिनिटं मंद. गाळलं, दाबलं नाही. दाबलं की गढूळ.

दोन्ही पाणी एकत्र, मीठ, साखर १ चमचा, क्वास ५०० मिली. ८० अंशांपर्यंतच तापवलं. मांसाची चरबी नसल्याने या बोर्श्चला आंबट जास्त लागतं: पीएच ४.५. बाकीच्या नोंदींपेक्षा हा आकडा मुद्दाम खाली ठेवलाय.

वुश्काचं पीठ: मैदा २००, गरम पाणी १०० मिली, तेल १ चमचा, मीठ. अंडं नाही. अर्धा तास झाकून. सारण: शिजवलेली अळंबी अगदी बारीक चिरून, एका कांद्याबरोबर तेलात परतून. कढईत पाण्याचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत परतायचं. ओलसर सारणाने शिवण सुटते. पोळी दीड-दोन मिलिमीटर, ४ सेंटिमीटरचे चौकोन, सारण पाव चमचा, त्रिकोणी दुमडून कडा दाबल्या, मग लांब बाजूची दोन टोकं बोटाभोवती आणून जोडली. पन्नास-साठ होतात.

वेगळ्या खारट पाण्यात ३-४ मिनिटं उकळून, तेलाचा हात लावून वाडग्यात, वरून बोर्श्च. बोर्श्चमध्येच उकळले तर पिठाने पारदर्शकपणा जातो, आणि मग गाळण्याचा सगळा खटाटोप फुकट.

स्मेताना नाही.

२२ फेब्रुवारी २०२५ – हिरवा बोर्श्च, जोडनोंद

वसंतात युक्रेनमध्ये बीटाशिवायचा हिरवा बोर्श्च होतो, सॉरेल नावाच्या आंबट पालेभाजीचा. तिकडची वनस्पती आणि आपला चुका एकाच कुळातले, त्यामुळे इथे पर्याय शोधावा लागत नाही. चुका जास्त रसदार, आंबटपणा जवळपास तेवढाच.

रस्सा २ लिटर, बटाटे ४००, गाजर आणि कांदा परतून, चुक्याची पानं २५० ग्रॅम जाड चिरून, उकडलेली ४ अंडी, शेपू, पातीचा कांदा. नियम तोच: बटाटा पूर्ण शिजल्यावर चुका, आणि तो ३ मिनिटांत बंद. चुक्याला वेगळं आंबट लागत नाही.

रंगाचं मात्र उलट आहे. जे आंबट बीटाचा लाल राखतं तेच पानांचा हिरवा घालवतं. चुका पडताच शेवाळी होतो. सोडा घालून हिरवा ठेवण्याच्या भरीस पडू नये, आंबटच जाईल आणि बोर्श्च उरणार नाही. चुक्यात ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं. वर स्मेताना आणि अंडं घालतात त्याने तोंडाला येणारा चरचरीतपणा कमी होतो. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी हा प्रकार सोडून लालच खावा, आणि तोही बेताने, कारण ऑक्झॅलेट बीटातही असतं.